द्रवरूप जिवाणू खतातील जिवाणू मोजायला कोणते उपकरण घ्यावे?

प्रश्न असा आहे: द्रवरूप जिवाणू खतांचा छोटा कारखाना. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू (पीएसबी) अशी तीन उत्पादने, आठवड्याला आठ-दहा बॅच. विक्रेते डिजिटल कॉलनी काउंटर, कॅमेऱ्याचा स्वयंचलित काउंटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजणारे यंत्र) असे सगळेच सुचवत आहेत. पैसे मर्यादित आहेत. काय घ्यावे?

आधी थेट उत्तर. साधा डिजिटल कॉलनी काउंटर आणि दृश्य प्रकाशाचा साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर, एवढे पुरे. त्यानंतर पैसे उरले तर फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक. फ्लो सायटोमीटर आणि कॅमेऱ्याचा काउंटर तुमच्या कामाच्या प्रमाणात बसत नाहीत. मात्र या सगळ्याच्या आधी इनक्युबेटर, पिपेट आणि डायल्युशनच्या (नमुना पायरीपायरीने पातळ करण्याच्या) नळ्या यांच्याकडे पाहा, कारण तुमच्या आकड्यातली मोठी चूक तिथेच होत असते.

उपकरण निवडण्यापूर्वी नेमके काय मोजायचे आहे ते ठरवावे लागते. एकाच बाटलीतल्या द्रावाची तीन उत्तरे येऊ शकतात. प्लेटवर वाढून कॉलनी करू शकणारे जिवाणू किती, ही सीएफयू संख्या. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या सगळ्या पेशी किती, जिवंत-मेलेल्या धरून, ही एकूण संख्या. आणि द्राव किती गढूळ आहे, ही ओडी; स्पेक्ट्रोफोटोमीटर हीच दाखवतो. पहिल्या दोन मोजण्या आहेत, तिसरा अंदाज आहे. ताज्या, जोमात वाढणाऱ्या कल्चरमध्ये तिन्ही उत्तरे एकमेकांच्या जवळ राहतात. सहा महिने गोदामात राहिलेल्या बाटलीत ती पार फाकतात.

तुमच्या बाबतीत निवड कायद्यानेच केली आहे. जिवाणू खते २००६ पासून खत (नियंत्रण) आदेश, १९८५ मध्ये आहेत. या तिन्ही प्रकारांत द्रवरूप खतात मिलिलिटरला किमान दहा कोटी, आणि वाहकावरच्या (भुकटीत मिसळलेल्या) खतात ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत जिवाणू लागतात. शिवाय एक लाखपट डायल्युशनला दुसरे जिवाणू दिसता कामा नयेत. ही दुसरी अट विक्रेते सांगत नाहीत, पण निवडीचा निकाल तिथेच लागतो. गढूळपणावरून रायझोबियम कोणता आणि बाहेरून शिरलेला कोणता हे कळत नाही. फ्लो सायटोमीटरलाही जिवंत पेशी एवढेच कळते, ती कोणाची हे नेहमीच्या रंगद्रव्यांवरून कळत नाही. ते कळते प्लेटवर: काँगो रेड घातलेल्या यीस्ट-मॅनिटॉल अगारवर, प्लेटा अंधारात ठेवल्यास, रायझोबियमच्या कॉलन्या पांढुरक्या, चकचकीत राहतात आणि रंग फारसा घेत नाहीत, बरेचसे पाहुणे लाल होतात. पीएसबीच्या कॉलनीभोवती पिकोव्हस्काया अगारवर स्वच्छ वलय पडते. ॲझोटोबॅक्टर क्रोकोकमची कॉलनी नत्ररहित माध्यमावर जुनी होता होता तपकिरी-काळी पडते. ही ओळख आणि मोजणी एकाच वेळी होते, म्हणून प्लेट काउंट सोडता येणार नाही. बाकीचे काहीही घेतले तरी ते प्लेटच्या जोडीला.

आता प्लेटचा आकडा कुठे बिघडतो ते. काउंटरने १४२ कॉलन्यांच्या १४५ मोजल्या तर चूक दोन टक्क्यांची. डायल्युशनमध्ये याच्या दहापट चूक सहज होते आणि कोणाला कळतही नाही. ९ मिलिलिटर सलाइन नळीत भरले, ऑटोक्लेव्ह केले, बाष्पीभवनाने ते ८.७ मिलिलिटर उरले असे धरा. त्यात १ मिलिलिटर नमुना घातला की दहापट डायल्युशन ९.७ पटच होते. एका पायरीला तीन टक्के. सहा पायऱ्यांनंतर ही चूक साठून उत्तर सुमारे वीस टक्क्यांनी जास्त येते, आणि दर वेळी जास्तच येते, त्यामुळे सरासरी काढूनही ती जात नाही. उपाय फुकटचा आहे: दहा नळ्यांचे वजन ऑटोक्लेव्हपूर्वी आणि नंतर घ्या, किती उडते ते पाहा आणि तेवढे आधीच जास्त भरा. नाहीतर सलाइन बाटलीत निर्जंतुक करून लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) निर्जंतुक नळ्यांत ९ मिलिलिटर मोजून भरा.

पिपेटचे तसेच. २५ अंश तापमानाला १००० मायक्रोलिटर पाण्याचे वजन सुमारे ०.९९६ ग्रॅम भरायला हवे. दहा वेळा तोलून बघा. पण पाण्यावर बरोबर ठरलेली पिपेट तुमच्या खतावर चुकू शकते. द्रवरूप खतात ग्लिसरॉल असते आणि रायझोबियम व ॲझोटोबॅक्टर स्वतः भरपूर डिंक सोडतात. असा बुळबुळीत द्राव टिपच्या आतल्या भिंतीला चिकटून राहतो आणि कमी पडतो. म्हणून पहिली पायरी आकारमानाने न करता वजनाने करा: १० ग्रॅम नमुना ९० मिलिलिटर सलाइनमध्ये, घनता वेगळी मोजून. पुढच्या पायऱ्यांत द्राव पाण्यासारखाच असतो. प्रत्येक पायरीला टिप बदला. एकच टिप शेवटपर्यंत वापरली की आधीच्या घट्ट द्रावाचा अंश पुढे वाहत जातो.

पातळ करायला नुसते डिस्टिल्ड पाणी नको, त्यात काही पेशी फुटतात. ०.८५ टक्के मीठ किंवा ०.१ टक्का पेप्टोन वापरा. गुठळ्या मोडायला पहिल्या बाटलीत ३ मिलिमीटरचे काचेचे मणी आणि ०.०१ टक्का ट्वीन ८० घालून दोन-तीन मिनिटे जोरात हलवा. ॲझोटोबॅक्टरमध्ये ही पायरी गाळली तर वीस पेशींची गुठळी एक कॉलनी म्हणून मोजली जाते आणि चांगली बॅच नापास होते. पहिल्या डायल्युशनपासून प्लेटपर्यंतचे काम वीस मिनिटांत संपवा.

पोर प्लेटमध्ये (नमुन्यावर वितळलेला अगार ओतण्याच्या पद्धतीत) अगार ४५ अंशांच्या आसपास असावा. हाताला कोमट लागतो एवढ्यावर भागवू नका, एका जादा बाटलीत थर्मामीटर ठेवा. तुमच्या तिन्ही उत्पादनांसाठी मात्र स्प्रेड प्लेट (घट्ट अगारवर नमुना पसरणे) बरी: रायझोबियमचा रंग आणि पीएसबीचे वलय पृष्ठभागावरच्या कॉलनीत नीट दिसतात. ०.१ मिलिलिटर पसरा, आणि प्लेटा आधी कोरड्या करून घ्या. ओलसर प्लेटवर बॅसिलस (काही पीएसबी याच वंशातले असतात) एका रात्रीत सगळीकडे पसरतो आणि मग कोणताही काउंटर काही मोजू शकत नाही.

कोणते डायल्युशन लावायचे याचा हिशेब सोपा आहे. द्रावात मिलिलिटरला नेमके दहा कोटी जिवाणू असतील तर एक लाखपट डायल्युशनचे ०.१ मिलिलिटर पसरल्यावर १०० कॉलन्या येतील. चांगली बॅच शंभर कोटींच्या घरात असते, तिला दहा लाखपट लागेल. म्हणून एक लाख, दहा लाख आणि एक कोटीपट अशी तीन डायल्युशन, प्रत्येकाच्या तीन प्लेटा. मोजायच्या त्या ३० ते ३०० कॉलन्यांच्या. या मर्यादेमागे संख्याशास्त्र आहे: कॉलन्यांच्या आकड्याचे वर्गमूळ एवढी नैसर्गिक चढउतार राहतेच. १०० कॉलन्यांना दहा टक्के, ३० ला अठरा टक्के. ३०० च्या पुढे कॉलन्या एकमेकींना दाबतात.

समजा दहा लाखपटच्या तीन प्लेटांवर १४२, १५८ आणि १२६ कॉलन्या आल्या. सरासरी १४२, गुणिले १०, गुणिले दहा लाख, म्हणजे मिलिलिटरला १४२ कोटी. तीन आकड्यांतला फरक वर्गमूळाच्या, म्हणजे १२ च्या आसपास आहे, तेव्हा हात बरोबर चालला आहे. त्याच प्लेटांवर ६०, १४० आणि २१० आल्या तर सरासरी काढून अहवाल लिहू नका. मिसळणे, पिपेट किंवा पसरवणे यांत काहीतरी बिघडले आहे आणि महागडा काउंटर तो बिघाड फक्त जास्त अचूकपणे मोजून देईल.

इनक्युबेटरबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण महाराष्ट्रात ही चूक घाऊक प्रमाणात होते. तुमचे तिन्ही जिवाणू २८ ते ३० अंशांना वाढवायचे आहेत. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करू शकत नाही. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असते, तेव्हा २८ वर लावलेल्या साध्या इनक्युबेटरच्या आतही ३८ पेक्षा कमी होत नाही आणि कंट्रोलर गप्प राहतो. त्या तापमानाला काही रायझोबियम कॉलन्या देतच नाहीत, आणि खरिपाच्या तोंडावर तयार केलेली बॅच विनाकारण कमी दिसते. म्हणून थंड करणारा बीओडी इनक्युबेटर घ्या, आणि आत दोन थरांवर वेगळे थर्मामीटर ठेवा. दर्शनी आकड्यावर विसंबू नका. भारनियमन असेल तर इन्व्हर्टरवर त्याचा कॉम्प्रेसर सुरू होतो की नाही हे खरेदीपूर्वीच तपासा.

सोयाबीनचे ब्रॅडिरायझोबियम करत असाल तर कॉलन्या दिसायला पाच ते दहा दिवस लागतात. तेवढ्या काळात पंख्याच्या हवेने पातळ प्लेट वाळून कडक होते. १५ ऐवजी २० ते २५ मिलिलिटर अगार ओता, प्लेटा उलट्या ठेवा, खाली पाण्याचा ट्रे ठेवा.

आता एकेक उपकरण.

डिजिटल कॉलनी काउंटर म्हणजे प्रकाशित चौकट, भिंग आणि पेनने टेकवले की आकडा वाढवणारा मीटर. खरे तर मोजतो माणूसच. त्यामुळे फार विचार करायचे कारण नाही, चार गोष्टी पाहा: प्रकाश बाजूने, काळ्या पार्श्वभूमीवर येतो का (पांढुरक्या रायझोबियमसाठी हे महत्त्वाचे), दिवा एलईडी आहे का (जुन्या दिव्यांची उष्णता प्लेट घामेजून टाकते), पेन हलक्या स्पर्शाला एकदाच मोजते का, आणि ९० मिलिमीटरची प्लेट चौकटीत हलत तर नाही ना. पिकोव्हस्काया अगार दुधाळ असतो. त्याखालून प्रकाश नीट येत नाही, तेव्हा वरून प्रकाश देण्याची सोय असेल तर घ्या.

कॅमेऱ्याचा स्वयंचलित काउंटर दिवसाला शंभर-दोनशे सारख्या प्लेटा असतील तिथे वेळ वाचवतो. दूध किंवा पाण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत त्याला काम आहे. तुमच्या प्लेटा त्याच्यासाठी सगळ्यात वाईट: रायझोबियमच्या डिंकाने एकमेकींत मिसळलेल्या कॉलन्या, दुधाळ अगारवरची वलये, कडेपर्यंत पसरलेला बॅसिलस. वलयालाच कॉलनी समजणे, दोन चिकटलेल्या एक मोजणे, हवेचा बुडबुडा मोजणे हे नेहमीचे. सॉफ्टवेअरची मर्यादा रोज बदलत बसावे लागले की तेवढ्या वेळात हाताने मोजून झालेले असते. तरीही घ्यायचाच असेल तर विक्रेत्याच्या नमुना प्लेटांवर प्रात्यक्षिक पाहू नका. तुमच्या तिन्ही जिवाणूंच्या साधारण ४०, १२० आणि २५० कॉलन्यांच्या प्लेटा दोघांनी हाताने मोजून ठेवा आणि त्याच प्लेटा, कोन फिरवून तीन-तीनदा, यंत्राला द्या.

स्पेक्ट्रोफोटोमीटर मात्र अवश्य घ्या, पण कशासाठी ते नीट समजून. प्लेटचे उत्तर तीन ते दहा दिवसांनी येते. फर्मेंटर (जिवाणू वाढवायची टाकी) कधी थांबवायचा हे आजच ठरवायचे असते. ते काम ओडीचे. ६०० नॅनोमीटरला, १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या चौकोनी नळीत). अतिनील भाग, स्कॅनिंग, संगणक जोडणी यांचे पैसे देऊ नका. ६०० ला क्वार्ट्झ क्युव्हेटही लागत नाही, काच किंवा प्लास्टिक चालते. फारच हात आखडता असेल तर ६२० किंवा ६६० चा फिल्टर असलेल्या साध्या कलरीमीटरवरही वाढीचा आलेख निघतो.

ओडी आणि पेशी यांचे गणित पुस्तकातून उचलू नका. ई. कोलायसाठी ओडी १ म्हणजे मिलिलिटरला सुमारे ८० कोटी पेशी, असा आकडा सगळीकडे फिरतो. तो ई. कोलायपुरता आणि तोही ढोबळ. पेशी प्रकाश शोषत नाहीत, विखुरतात. विखुरलेला किती प्रकाश तरीही डिटेक्टरवर पडतो हे क्युव्हेट आणि डिटेक्टर यांच्यातल्या अंतरावर ठरते, म्हणून तेच कल्चर दोन कंपन्यांच्या यंत्रांत वेगळी ओडी देते. ॲझोटोबॅक्टरची मोठी पेशी आणि रायझोबियमची बारीक पेशी यांचा विखुरण्याचा हिशेब वेगळा, बॅसिलसच्या बीजाणूंचा आणखी वेगळा. तेव्हा प्रत्येक स्ट्रेन, प्रत्येक माध्यम आणि प्रत्येक यंत्र यांसाठी आलेख स्वतःच काढा: एका बॅचच्या वाढीत सहा ते आठ वेळा नमुना घ्या, ओडी पाहा, त्याच नमुन्याच्या प्लेटा लावा. ओडी ०.४ च्या वर गेली की रेषा वाकते. मग नमुना पातळ करून वाचा आणि गुणा.

ब्लँक (यंत्राचे शून्य लावायचा द्राव) म्हणून ताजे माध्यम घेऊ नका, विशेषतः मळी किंवा गूळ वापरत असाल तर. वाढीबरोबर माध्यमाचा रंग बदलतो. त्याच नमुन्याचा थोडा भाग सेंट्रिफ्यूज करून वरचे निवळ पाणी ब्लँक म्हणून वापरा. डिंकामुळे निवळत नसेल तर तो ओडीचा आकडा सोडून द्या आणि सूक्ष्मदर्शकाकडे वळा. वाचन हलवल्यापासून मिनिटभरात घ्या, नाहीतर पेशी तळाला बसतात.

ओडीने शेल्फ लाइफ तपासणे ही तर सरळ फसवणूक होते, मग ती अजाणता का असेना. पेशी मेली तरी ती बाटलीतच असते आणि प्रकाश विखुरतच राहते. सहा महिन्यांनी ओडी बाटली भरली त्या दिवशी होती तेवढीच दिसते आणि प्लेटवर संख्या दहाव्या हिश्श्यावर आलेली असते.

यंत्र रोज ठीक चालते का हे पाहायला मॅकफारलंड ०.५ हा ठरावीक गढूळपणाचा द्राव पुरतो: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइडचे ०.०५ मिलिलिटर आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्लाचे ९.९५ मिलिलिटर. ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३ यायला हवे. नळी घट्ट बंद करून अंधारात ठेवा, वाचण्यापूर्वी हलवा.

सूक्ष्मदर्शकाखालची मोजणी पंधरा मिनिटांत एकूण संख्या देते आणि सोबत बीजाणू, गुठळ्या, भलत्या आकाराचे पाहुणे दाखवते. पण रक्तपेशी मोजायचा न्यूबाउअर कक्ष त्यासाठी घेऊ नका. त्याची खोली ०.१ मिलिमीटर, जिवाणू वेगवेगळ्या थरांत तरंगतात आणि एका वेळी सगळे फोकसमध्ये येत नाहीत. मिलिलिटरला दहा कोटी असतील तर त्याच्या एका लहान चौकोनात २५ पेशी येतात, मोजता मोजता डोळे फिरतात. पेट्रॉफ-हॉसर कक्षाची खोली ०.०२ मिलिमीटर. त्याच द्रावात तिथे लहान चौकोनाला ५ पेशी येतात. ८० चौकोनांत ४०० पेशी मोजा म्हणजे चढउतार पाच टक्क्यांवर येते. लहान चौकोनाच्या सरासरीला दोन कोटींनी गुणले की मिलिलिटरची संख्या. पोहणारे जिवाणू असतील तर थोडे फॉर्मॅलिन घालून थांबवा. हा कक्ष आणि त्याची पातळ काच नाजूक आहे, जादा काचा त्याच वेळी मागवून ठेवा. मिलिलिटरला एक कोटीच्या खाली ही पद्धत कामाची नाही.

तुमचा पीएसबी बॅसिलस असेल तर फेज कॉन्ट्रास्टमध्ये बीजाणू चमकदार दिसतात. नमुना ८० अंशांना दहा मिनिटे तापवून लावलेल्या आणि न तापवलेल्या प्लेटा शेजारी ठेवल्या की किती टक्के बीजाणू झाले ते कळते. शेल्फ लाइफचा अंदाज या एका आकड्यावरून जेवढा बांधता येतो तेवढा दुसऱ्या कशावरून येत नाही.

फ्लो सायटोमीटर उत्तम यंत्र आहे, प्रश्न फक्त तुमच्याकडे ते काय करेल हा. दोन रंगद्रव्ये घालून फुटलेल्या आणि शाबूत आवरणाच्या पेशी काही मिनिटांत वेगळ्या मोजतो. गुठळी त्यालाही एकच कण वाटते, डिंकाने नळ्या तुंबतात, रंगद्रव्ये आणि देखभाल करार दरवर्षी पैसे खातात, आणि कायद्याला हवी ती सीएफयू संख्या शेवटी प्लेटवरच दाखवावी लागते. कोल्टर काउंटर (बारीक छिद्रातून जाणारा प्रत्येक कण विजेच्या बदलावरून मोजणारे यंत्र) यीस्टसाठी चांगला. जिवाणूंसाठी २०-३० मायक्रॉनचे छिद्र लागते, ते तुमच्या द्रावाने सतत बुजेल आणि माध्यमातला प्रत्येक बारीक कण पेशी म्हणून मोजला जाईल. एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) मोजणारा ल्युमिनोमीटर टाकी नीट धुतली का हे पाहायला ठेवा. बीजाणूंमध्ये एटीपी अगदी कमी असते, त्यामुळे बॅसिलसच्या खतात तो भलतेच सांगेल.

प्लेटांचा खर्च कमी करायचा असेल तर माइल्स आणि मिस्रा यांची १९३८ ची थेंब पद्धत आहे: एका प्लेटचे सहा भाग करून प्रत्येकात एका डायल्युशनचे २० मायक्रोलिटरचे थेंब. दहा कोटींच्या द्रावाला एक लाखपट डायल्युशनच्या थेंबात साधारण २० कॉलन्या येतात. कॉलन्या बारीक असतानाच भिंगाखाली मोजाव्या लागतात. डिंकाळ रायझोबियम आणि पसरणारा बॅसिलस यांत ती फसते. ॲझोटोबॅक्टरमध्येही कॉलनी फुगण्याआधी मोजलात तरच जमते.

खरेदीचा क्रम असा ठेवा: बीओडी इनक्युबेटर, १०० आणि १००० मायक्रोलिटरच्या दोन चांगल्या पिपेट, व्हॉर्टेक्स, कॉलनी काउंटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर, मग फेज कॉन्ट्रास्ट आणि पेट्रॉफ-हॉसर. पुढे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मानांकन घ्यायचे असेल तर पिपेट, तराजू, थर्मामीटर आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर यांची प्रमाणपत्रे मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन प्रयोगशाळेचीच लागतात, विक्रेत्याचे पत्र चालत नाही. दरपत्रक मागवतानाच हे लिहून टाका.